माल म्हातारा, कागदावर मात्र तरणा!

कापडाच्या व्यापारात चोर नेत नाही तेवढे भांडवल फळी खाते. आणलेला माल विकला गेला तर पैसा फिरतो. नाही विकला तर तोच पैसा ताक्यांच्या रूपाने गोदामात झोपून राहतो. घडीवर पिवळी रेघ पडते, रंग उतरतो, डिझाइन जुने होते आणि दोन-तीन हंगाम गेले की तोच माल फेंटच्या भावाने वजनावर काढावा लागतो. म्हणून कोणत्या मालाला किती दिवस झाले हे सांगणारा कागद, ज्याला हिशेबनीस 'स्टॉक एजिंग रिपोर्ट' म्हणतात, तो आमच्या दृष्टीने ताळेबंदाइतकाच महत्त्वाचा आहे. ० ते ३० दिवस, ३१ ते ६०, ६१ ते ९०, ९१ ते १८० आणि १८० च्या वर, असे पाच खाने करून प्रत्येक खान्यात किती मीटर व किती रुपये अडकले आहेत हे त्यात दिसते. पण बऱ्याच दुकानांत निघणारा हा कागद भरवशाचा नसतो, आणि त्याचा दोष संगणकावर टाकून चालणार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीपासून मुंबईच्या मंगलदास आणि मूळजी जेठा मार्केटपर्यंत पाहिले तर आजही पुष्कळ पेढ्यांचा स्टॉक गावातल्याच एखाद्या मुलाने बनवून दिलेल्या प्रोग्रॅमवर चालतो. कोणाचा फॉक्सप्रोमध्ये, कोणाचा मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसमध्ये. व्हिज्युअल फॉक्सप्रोची शेवटची आवृत्ती २००४ मध्ये आली आणि कंपनीने २०१५ च्या जानेवारीत तिची देखभालही थांबवली. अ‍ॅक्सेस १९९२ मध्ये आले आणि ते अजून मिळते. जुना प्रोग्रॅम वापरणे यात कमीपणा काही नाही. मात्र अहवाल चुकला की विक्रेता येतो आणि म्हणतो, "शेठ, हे फेकून द्या, नवीन घ्या." आमचे म्हणणे वेगळे आहे. चुकीची तारीख जुन्या पेटीतून नव्या पेटीत टाकली तर ती बरोबर होत नाही. आधी दुखणे ओळखा, मग पेटी बदलायची की नाही ते ठरवा.

एक एप्रिलला सगळा माल नवा

सर्वात मोठे दुखणे आर्थिक वर्षाचे आहे. ३१ मार्चला वर्ष बंद होते, नवीन वर्षाची फाईल उघडते आणि मागील शिल्लक 'ओपनिंग स्टॉक' म्हणून त्यात येते. ती येते कोणत्या तारखेने? १ एप्रिलच्या. म्हणजे तीन वर्षांपासून पडून असलेला शर्टिंगचा ताका एका रात्रीत कोरा करकरीत होतो. ३० एप्रिलला अहवाल काढला तर त्याचे वय २९ दिवस! पहिल्या खान्यात रक्कम फुगलेली पाहून मालक समजतो की माल ताजा आहे.

यावर इलाज एकच. शिल्लक पुढे नेताना नुसता आकडा न नेता लॉटवार न्यावी आणि प्रत्येक लॉटसोबत त्याची मूळ खरेदीची तारीख न्यावी. तक्त्यात दोन रकाने ठेवावेत: एक 'मूळ तारीख' आणि दुसरा 'आवक तारीख'. वय मोजायचे ते पहिल्यावरून. आवक तारीख कोठा आणि जागा समजण्यासाठी ठेवावी, वयासाठी नाही.

हे दोन रकाने असले की आणखी तीन चुका आपोआप दूर होतात. पहिली, परत आलेल्या मालाची. गावच्या दुकानदाराने सहा महिन्यांनी दहा ताके परत पाठवले आणि मुन्शीने ते नवीन आवक म्हणून चढवले, की म्हातारा माल तरणा झाला. दुसरी, गोदामातून दुकानात हलवलेल्या मालाची. तो हलला म्हणून त्याचे वय कमी होत नाही. तिसरी, प्रोसेसची. कोरा माल डाइंगला गेला, तिकडे दोन महिने राहिला आणि रंगून आला तेव्हा त्याला नवा कोड व नवी तारीख मिळाली. कापड नवे झाले हे खरे, पण त्यात अडकलेला पैसा कोऱ्याच्या खरेदीपासून अडकला आहे. पैशाचे वय पाहायचे असेल तर मूळ तारीखच पाहिली पाहिजे.

तारीख उलटली की सगळेच उलटते

दुसरे दुखणे चोरट्या पावलाने येते. आपण दिवस आधी लिहितो, महिना नंतर. अमेरिकेत महिना आधी लिहितात. अ‍ॅक्सेसमध्ये प्रोग्रॅमच्या आत लिहिलेल्या आज्ञेत हॅशच्या दोन चिन्हांमध्ये तारीख दिली, तर ती अमेरिकन पद्धतीने वाचली जाते, मग संगणकाच्या सेटिंगमध्ये भारत निवडलेला असो वा नसो. वर गंमत अशी की, १३ ते ३१ या तारखा महिना म्हणून बसत नाहीत, म्हणून त्या निमूटपणे आपल्या पद्धतीने, म्हणजे बरोबर वाचल्या जातात. त्यामुळे दहा नोंदी तपासल्या तर सहा बरोबर निघतात आणि तपासणारा निश्चिंत होतो. हिशेब केला तर वर्षातील १३२ तारखा अशा उलटतात. १२ महिन्यांचे पहिले १२ दिवस म्हणजे १४४, त्यातून ५ मे, ६ जून यांसारख्या दोन्हीकडून सारख्या वाचल्या जाणाऱ्या १२ वजा केल्या की १३२ उरतात.

याचा परिणाम पाहा. १२ मे २०२४ ला आलेला माल चालान चढवताना ५ डिसेंबर २०२४ चा झाला. ३१ मार्च २०२५ ला त्याचे खरे वय ३२३ दिवस होते. कागद म्हणाला ११६. उलट ४ जानेवारी २०२५ चा माल १ एप्रिलचा झाला आणि ३१ मार्चला त्याचे वय उणे एक दिवस आले. उणे वय दिसले तर देवाणघेवाण करणाऱ्याने समजावे की ही एक नोंद बिघडलेली नाही, तारीख वाचण्याची रीतच बिघडली आहे. प्रोग्रॅम करणाऱ्याला सांगावे की, आज्ञेमध्ये तारीख नेहमी वर्ष, महिना, दिवस या क्रमाने द्यावी. तो क्रम कोणत्याही देशात दोन अर्थांनी वाचला जात नाही.

याच घराण्यातली दुसरी चूक म्हणजे तारखेऐवजी मजकूर ठेवणे. रकाना मजकुराचा असला तर संगणक अक्षरे लावतो, दिवस मोजत नाही. त्याच्या लेखी ०२/१२/२०२४ ही तारीख १५/०१/२०२३ च्या आधीची ठरते. रकाना तारखेचाच हवा.

रिकामी तारीख आणि १८९९ चा माल

चालान हरवले, मुन्शीने तारखेची जागा रिकामी सोडली. रिकाम्या जागेवरून दिवस मोजता येत नाहीत, उत्तरही रिकामेच येते, आणि रिकामे उत्तर पाचपैकी कोणत्याच खान्यात बसत नाही. माल फळीवर आहे, अहवालात नाही. काही प्रोग्रॅमर यावर तोडगा म्हणून रिकाम्या जागी शून्य घालतात. अ‍ॅक्सेसच्या लेखी शून्य म्हणजे ३० डिसेंबर १८९९. मग अहवाल सांगतो की आपल्याकडे सव्वाशे वर्षांपूर्वीचे पॉपलीन आहे! हसण्यावारी नेऊ नका. या रकमेने शेवटचा खाना फुगतो आणि सरासरी वय पार बिघडते. खरा उपाय म्हणजे तारीख भरल्याशिवाय नोंदच होऊ न देणे, आणि जुन्या रिकाम्या नोंदींसाठी 'तारीख नाही' असा सहावा खाना करून तो उघडपणे छापणे. लपलेल्या चुकीपेक्षा दिसणारी चूक बरी.

खान्यांच्या सीमाही तपासाव्यात. ३० दिवसांचा माल पहिल्या खान्यातही आला आणि दुसऱ्यातही, किंवा दोन्हींत आला नाही, असे सर्रास होते. शिवाय नोंद करताना तारखेबरोबर वेळही साठवली गेली, तर 'एक ते ३१ मार्च' असे मागितल्यावर ३१ मार्चचा दिवसभराचा माल बाहेर राहतो. कारण संगणकासाठी ३१ मार्च म्हणजे त्या रात्रीचे बारा, आणि दुपारचे तीन त्याच्या पुढे पडतात. वेळ नको असेल तर ती साठवूच नये.

तीन खरेद्या, चार विक्र्या, आणि सहाशे मीटर

शिल्लकच खोटी निघाली तर वय मोजून काय उपयोग? एका क्वालिटीच्या शंभर-शंभर मीटरच्या तीन खरेद्या झाल्या, म्हणजे ३०० मीटर. पन्नास-पन्नास मीटरच्या चार विक्र्या झाल्या, म्हणजे २०० मीटर. शिल्लक १०० हे शाळकरी मुलगाही सांगेल. पण खरेदीचा तक्ता आणि विक्रीचा तक्ता कोडवरून सरळ जोडला तर प्रत्येक खरेदी प्रत्येक विक्रीशी जुळते, तीन चोक बारा ओळी तयार होतात. खरेदी १२०० मीटर दिसते, विक्री ६०० आणि शिल्लक ६००. आकडा बराच मोठा असला तर मालकाच्या लक्षात येतो. पण एखादीच विक्री दुहेरी झाली असेल तर वर्षानुवर्षे कळत नाही. खरेदीची बेरीज वेगळी करावी, विक्रीची वेगळी, आणि मग दोन बेरजा जोडाव्यात. जोडतानाही, ज्या मालाची एकही विक्री नाही तो गळणार नाही असे पाहावे. नेमका तोच माल सगळ्यात जुना असतो, आणि चुकीच्या जोडणीने नेमका तोच अहवालातून बाहेर पडतो!

नावांचाही एक घोळ आहे. आमच्यासारख्या उर्दू माध्यमात शिकलेल्यांच्या पेढीत जुनी वही उर्दूत, चालान इंग्रजीत आणि गिऱ्हाईक मराठीत बोलणारे. एकाच क्वालिटीचे नाव तीन हातांनी तीन तऱ्हांनी चढते. मग एका कोडवर शिल्लक ८० मीटर आणि दुसऱ्यावर उणे ३०. एकूण बेरीज बरोबर येते म्हणून कोणी विचारत नाही, पण वय दोन्हींचे खोटे. नावावर नव्हे, कोडवर काम करा, आणि उणे शिल्लक दिसली की त्याच दिवशी मिटवा.

कोणते वय खरे?

आता मुख्य प्रश्न. समजा एका क्वालिटीचे १० जून २०२४ ला ४०० मीटर आले, १५ नोव्हेंबरला ४०० आणि २० फेब्रुवारी २०२५ ला २००. ३१ मार्चपर्यंत ५५० मीटर विकले गेले, शिल्लक ४५०. पुष्कळ प्रोग्रॅम शेवटच्या खरेदीची तारीख धरतात आणि सगळे ४५० मीटर ३९ दिवसांचे दाखवतात. काही पहिली तारीख धरून २९४ दिवस दाखवतात. आधी आलेला माल आधी गेला असे धरले, तर शेवटचे २०० मीटर ३९ दिवसांचे आणि त्याआधीचे २५० मीटर १३६ दिवसांचे ठरतात. एकाच फळीची तीन उत्तरे! यांपैकी तिसरी रीत हिशेबाला योग्य आहे. शिल्लक घ्यायची आणि शेवटच्या आवकेपासून मागे मागे जात ती भरत न्यायची.

पण व्यापारी म्हणून आम्ही एक पाऊल पुढे जाऊन म्हणतो की, हीसुद्धा समजूतच आहे. कोऱ्या कापडाला ती चालते, कारण एक ताका दुसऱ्यासारखाच असतो. साडी, ड्रेस मटेरियल, छापील माल यांत गिऱ्हाईक आधी आलेला माल आधी उचलत नाही. तो आवडलेला रंग उचलतो. आठ रंगांच्या सेटमधले पाच जातात, तीन राहतात. पुढच्या लॉटमधलेही तेच पाच जातात. कागद म्हणतो जुना लॉट संपला. फळीवर जुने तीन रंग तसेच. म्हणून अशा मालाला लॉट, डिझाइन आणि रंग यांवरूनच वय मोजले पाहिजे. लिहिण्याचे काम वाढते हे मान्य. पण ज्या मालात पैसा सर्वात लवकर मरतो, तिथेच आळस करणे कसे परवडेल?

कोणत्या तारखेला किती?

अहवालात 'आजची तारीख' पक्की बसवलेली असते. ३१ मार्चचा अहवाल १२ एप्रिलला काढला की सगळे वय १२ दिवसांनी वाढते. यावर तारीख विचारणारा चौकोन बसवतात. तेवढ्याने भागत नाही. तारीख मागे नेली तर वयही मागे गेले पाहिजे आणि शिल्लकही. नाहीतर आजचा स्टॉक आणि मार्चचे वय, असा अर्धा घोडा अर्धा उंट तयार होतो. त्या तारखेनंतरची खरेदी-विक्री गाळूनच शिल्लक काढावी.

आपल्यासाठी हा मुद्दा अधिक जिव्हाळ्याचा आहे. जकातीचे वर्ष चंद्राचे. ते सुमारे ३५४ दिवसांचे, म्हणजे दरवर्षी सुमारे ११ दिवस आधी येते. ते ३१ मार्चला जुळत नाही. विक्रीसाठी ठेवलेल्या मालावर वर्ष पुरे होण्याच्या दिवशी जी किंमत असेल तिच्या अडीच टक्के जकात द्यायची. त्या दिवशीची शिल्लक आणि त्या दिवशीचे वय काढता आले नाही तर आपण अंदाजाने जकात देतो. जुन्या मालाची किंमत खरेदीच्या भावाने धरावी की आज बाजारात जे येईल त्याने? बाजारभावाने धरायची, तर कोणता माल जुना आहे हे आधी कळायला हवे. अडकून पडलेल्या मालाबद्दल इमामांमध्ये तपशिलाचे मतभेद आहेत. कोकणात शाफई, इतरत्र हनफी, प्रत्येकाने आपल्या आलिमांना विचारावे. पण आलिमांपुढे ठेवायचा आकडा खरा असणे ही आपली जबाबदारी आहे, त्यांची नाही. आणि जे खपत नाही तेच बाजूला काढून अल्लाहच्या मार्गात द्यावे, ही युक्ती कोणी करू नये. सूरह बकरामध्ये निकृष्ट वस्तू निवडून देण्याची स्पष्ट मनाई आहे.

हा कागद कोणाकोणाला लागतो

भागीदाराला लागतो. वर्षअखेरीचा स्टॉक जेवढा फुगवला तेवढा नफा फुगतो. मेलेला माल पूर्ण भावाने धरून वाटलेला नफा म्हणजे एकाचे भांडवल दुसऱ्याच्या खिशात. हिशेबाचा नियमही हाच आहे की, खरेदीची किंमत आणि विकून हाती येणारी किंमत यांत जी कमी ती धरावी. ज्यांनी बँकेची मर्यादा घेतली आहे त्यांच्या स्टॉक स्टेटमेंटलाही हा कागद लागतो. तिथे जुना माल नवा दाखवणे म्हणजे लेखी खोटे बोलणे आहे.

माग चालवणाऱ्यालाही याचा संबंध आहे. २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात अशी तरतूद आणली की, सूक्ष्म व लघु उत्पादकाचे देणे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत चुकवले नाही, तर तो खर्च त्या वर्षी धरला जाणार नाही, प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच धरला जाईल. २०२४-२५ या कर आकारणी वर्षापासून ती लागू झाली. म्हणजे यंत्रमागवाल्याला ४५ दिवसांत पैसे द्यायचे आणि कापड १८० दिवस फळीवर ठेवायचे, हे गणित कोणत्या पेढीला झेपेल? मग भरडला जातो तो मागवाला. आपला जुना माल आपल्याला वेळेवर कळला, तर त्याचे पैसे अडवण्याची पाळी कमी येईल.

जीएसटीचीही एक गोष्ट लक्षात ठेवावी. माल मोडीत काढून खात्यातून उडवला किंवा फुकट वाटला, तर त्यावर घेतलेले इनपुट क्रेडिट परत करावे लागते. कमी भावात का होईना, विकला तर तसे नाही. यावरूनही जुना माल लवकर ओळखून थोड्या तोट्यात काढणे किती शहाणपणाचे आहे ते दिसते.

मालकाने स्वतः करायचे काम

प्रोग्रॅमची भाषा शिकण्याची गरज नाही. महिन्यातून एकदा तीन ताळे पाहावेत. पहिला, सर्व खान्यांची बेरीज आणि स्टॉक खात्याची शिल्लक पैशापर्यंत जुळते का? दुसरा, फळीवरून कागदाकडे: सर्वात धुळीचे दहा ताके हाताने काढावेत आणि अहवालात त्यांचे वय पाहावे. तिसरा, कागदावरून फळीकडे: अहवालातील सर्वात जुन्या दहा ओळी घेऊन तो माल खरोखर आहे का पाहावे. यात चूक निघाली तर वर सांगितलेल्या क्रमाने शोधावे: आधी ओपनिंगची तारीख, मग उलटलेली तारीख, मग रिकामी तारीख, मग जोडणी. दुरुस्तीआधी फाईलची एक प्रत वेगळी काढून ठेवावी, आणि दुरुस्ती त्या प्रतीवर करून पाहावी.

प्रेषित हजरत मुहम्मद (स.) बाजारातून जात असता धान्याच्या राशीत त्यांनी हात घातला आणि आत ओल लागली, ही हदीस आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकली आहे. ओले धान्य वर का ठेवले नाही, म्हणजे लोकांना दिसले असते, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. आमच्या मते स्टॉकचा अहवाल म्हणजे अशीच एक रास आहे. वर कोरडा आकडा आणि आत ओल, असे असेल तर फसवणूक गिऱ्हाईकाची नसली तरी भागीदाराची, मागवाल्याची, जकातीच्या हक्कदाराची आणि शेवटी आपली स्वतःची आहे. ओल वर आणा. सहावा खाना छापा, जुना माल जुना म्हणून लिहा, आणि तो वेळेवर काढा. नफा थोडा कमी दिसेल, पण जो दिसेल तो खरा असेल. बरकत खऱ्या आकड्यात असते. अल्लाह तआला आपणा सर्वांना हलाल रोजी आणि दयानतदारीची तौफिक देवो.